निवासी शाळेला मुख्याध्यापक निवडताना

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांत निवासी शाळा ही सधन घरांची हौस नसून गरज आहे. वस्त्या विखुरलेल्या, वाटेत नदीनाले, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडसारख्या तालुक्याच्या गावाचाही संपर्क तुटावा अशी स्थिती असल्यामुळे, गावातल्या शाळेचे वर्ग संपले की पुढे शिकण्यासाठी मुलाने घर सोडून शाळेतच राहावे, हे येथील असंख्य कुटुंबांनी पिढ्यांपासून स्वीकारले आहे. मात्र या शाळांचा मुख्याध्यापक कसा निवडला जातो याची माहिती पालकांना सहसा नसते, आणि निवडणाऱ्यांनाही त्यासाठी नेमके काय पारखावे हे नेहमीच उमगलेले असते असे नाही. दिवसाच्या शाळेचा मुख्याध्यापक संध्याकाळी कुलूप लावून घरी गेला तरी मुले आपापल्या आईवडिलांकडे असतात. निवासी शाळेत तो घरी गेला, तर मुलांसाठी जबाबदार माणूसच उरत नाही.

दोन्ही जिल्ह्यांत अशा शाळांचे अनेक प्रकार शेजारी शेजारी नांदतात. आदिवासी विकास विभागाच्या शासकीय आश्रमशाळा गडचिरोली, अहेरी, भामरागड, चंद्रपूर आणि चिमूर येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांच्या देखरेखीखाली चालतात. स्वयंसेवी संस्थांच्या आश्रमशाळांना शासनाचे अनुदान मिळते. घोट आणि तळोधी (बाळापूर) येथे केंद्र सरकारची जवाहर नवोदय विद्यालये आहेत. बल्लारपूरजवळ विसापूर येथे २०१९ पासून सैनिकी शाळा चालते. शिवाय एकलव्य निवासी शाळा आणि वसतिगृह जोडलेल्या खासगी शाळा आहेतच. यांपैकी आश्रमशाळांत 'निवासी' आणि 'अनिवासी' अशी दोन्ही प्रकारची मुले एकाच वर्गात बसतात, म्हणजे काहींचे घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर असते आणि काहींचे दोन दिवसांच्या वाटेवर, आणि मुख्याध्यापकाला या दोन्ही मुलांचे वेगवेगळे प्रश्न एकाच वेळी सांभाळावे लागतात.

खासगी शाळेत मुख्याध्यापकाची 'भरती' होते, म्हणजे जाहिरात निघते, मुलाखती होतात आणि सर्वांत योग्य उमेदवार निवडला जातो, असा सर्वसाधारण समज आहे. महाराष्ट्रात बहुतेक वेळा तसे घडत नाही. महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ आणि त्याखालील १९८१ ची नियमावली यांनुसार, माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकाकडे पदवी, शिक्षणशास्त्राची पदवी आणि किमान पाच वर्षांचा पूर्णवेळ अध्यापनाचा अनुभव असावा लागतो, आणि या अटी पूर्ण करणाऱ्यांपैकी, ज्याची सेवा समाधानकारक आहे अशा सर्वांत ज्येष्ठ शिक्षकाला ते पद द्यावे लागते. एखाद्या संस्थेच्या अनेक शाळा असतील तर ज्येष्ठता सर्व शाळा मिळून मोजली जाते. ज्येष्ठ शिक्षकाला डावलायचे तर त्याने स्वखुशीने आणि लेखी आपला हक्क सोडलेला असावा लागतो. अन्यथा तो शाळा न्यायाधिकरणाकडे, म्हणजे खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या खास न्यायासनाकडे, दाद मागू शकतो. अल्पसंख्याक संस्थांना मुख्याध्यापकाच्या नेमणुकीपुरती या कायद्यातून सूट आहे.

या नियमाला नावे ठेवणे सोपे आहे, पण तो कशासाठी आला हे विसरून चालणार नाही. संस्थाचालकाचा भाचा किंवा जावई रातोरात मुख्याध्यापक होऊ नये आणि वीस वर्षे राबलेल्या शिक्षकावर अन्याय होऊ नये, यासाठी शिक्षकांनी मिळवलेले हे संरक्षण आहे, आणि ते काढून टाकावे असे म्हणण्याइतका संस्थांचा कारभार सर्वत्र स्वच्छ झालेला नाही. दोष ज्येष्ठतेत नसून 'समाधानकारक सेवा' या अटीकडे केलेल्या दुर्लक्षात आहे. शिक्षकाच्या कामाचे दरवर्षी लिहावयाचे गोपनीय अहवाल अनेक ठिकाणी एकाच साच्यात, सर्वांना 'चांगला' असा शेरा देऊन भरले जातात, त्यामुळे वसतिगृहाकडे कधीही न फिरकलेला शिक्षक आणि आजारी मुलाच्या उशाशी रात्र काढणारा शिक्षक कागदावर सारखेच ठरतात. हे अहवाल संस्थेने दहा-पंधरा वर्षे प्रामाणिकपणे लिहिले, प्रतिकूल शेरा त्या त्या वेळी संबंधिताला कळवला आणि निवासी जबाबदारीची नोंद त्यात वेगळी ठेवली, तर सध्याच्या नियमांतच योग्य माणूस पुढे येण्याची बरीच सोय आहे.

दुसरी अडचण 'प्रभारी' या शब्दात सामावलेली आहे. मुख्याध्यापक निवृत्त झाला, त्याची जागा कायमची भरण्यास मान्यता मिळाली नाही, ज्येष्ठतेचा वाद न्यायाधिकरणात गेला किंवा पटसंख्या ठरावीक मर्यादेच्या खाली आल्याने संचमान्यतेत, म्हणजे शासनाने मंजूर केलेल्या पदांच्या यादीत, ते पदच उरले नाही, की एखाद्या शिक्षकाकडे तात्पुरता 'चार्ज' दिला जातो. त्याला सहीचा अधिकार मिळतो, पण पदाचे वेतन आणि पदाचे वजन मिळेलच असे नाही. आपले तास सांभाळून त्याने धान्याचा साठा, बँकेचे खाते, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि वसतिगृह हे सर्व ओढायचे असते. स्वयंपाकी, कामाठी, अधीक्षक आणि अधीक्षिका हे निवासी शाळेचा कणा असलेले कर्मचारी अशा प्रभारी माणसाचे कितपत ऐकतील, हे सांगण्याची गरज नाही. विरळ वस्तीच्या वनजिल्ह्यात पटसंख्येची मोजपट्टी निवासी शाळांच्या मुख्याध्यापक पदाला लावूच नये. पन्नास मुले रात्री शाळेत झोपत असतील तर त्यांनाही एक पूर्णवेळ प्रमुख हवाच.

केंद्राच्या शाळांचा मार्ग याच्या अगदी उलट आहे. सैनिकी शाळेचे प्राचार्य सशस्त्र दलातील अधिकारी असतात आणि प्रतिनियुक्तीवर, म्हणजे मूळ सेवा कायम ठेवून ठरावीक काळासाठी, येतात. एकलव्य शाळांसाठी २०२३ पासून देशभर एकच स्पर्धा परीक्षा घेऊन भरती सुरू झाली. त्या वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात ७४० एकलव्य शाळांसाठी तीन वर्षांत ३८,८०० शिक्षक व कर्मचारी भरण्याची घोषणा होती. या पद्धतीत वशिल्याला वाव कमी आणि गुणवत्तेची हमी अधिक, हे मान्य करावेच लागेल. परंतु गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला सिरोंच्यात तेलुगू, भामरागड-एटापल्लीत माडिया, कोरचीच्या बाजूला छत्तीसगढी, मुलचेरा-चामोर्शीच्या वसाहतींत बंगाली, चंद्रपूरच्या जिवती-कोरपन्याकडे गोंडी आणि कोलामी, असा भाषांचा पट असलेल्या प्रदेशात, हजार किलोमीटरवरून आलेला आणि मराठीही न समजणारा प्राचार्य पहिलीच बदली मिळेपर्यंत दिवस मोजत राहिला, तर परीक्षेतील त्याच्या गुणांचा मुलांना उपयोग होत नाही. प्रश्नपत्रिकेला भाषा पारखता येते. माणूस इथे राहील का, हे पारखता येत नाही.

राहणे हाच या पदाचा गाभा आहे. शासकीय परिभाषेत त्याला 'मुख्यालयी राहणे' म्हणतात, आणि न राहणाऱ्यांसाठी लोकांच्या तोंडी 'अप-डाऊन' हा शब्द आहे. आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्यांना एकस्तर वेतनश्रेणी, म्हणजे मूळ पदापेक्षा एक पायरी वरचे वेतन, देण्याचा निर्णय २००२ मध्ये झाला, आणि प्रोत्साहन भत्ताही मिळतो. तरीही चंद्रपूर किंवा गडचिरोली शहरात बिऱ्हाड ठेवून साठ-सत्तर किलोमीटरवरच्या शाळेत ये-जा करणारे मुख्याध्यापक आढळतात. त्यांना दोष देताना एवढे पाहिले पाहिजे की निवासस्थान राहण्याजोगे आहे का, त्यांच्या स्वतःच्या मुलांच्या शिक्षणाचे काय, आणि पती किंवा पत्नीला जवळपास काम मिळेल का. ज्या संस्था हे तीन प्रश्न नेमणुकीपूर्वी स्वतःहून सोडवतात, त्यांच्याकडे माणसे टिकतात. भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि १९७६ मध्ये तेथे शाळा उभी राहिली, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे व त्यांचे सहकारी मुलांच्या शेजारीच राहिले, त्यांची स्वतःची मुलेही तेथेच वाढली आणि तिथे शिकलेले विद्यार्थी पुढे डॉक्टर व शिक्षक झाले. सर्वांना असा त्याग जमेल असे नाही आणि तशी अपेक्षा करणेही योग्य नाही. म्हणूनच चांगले घर, नियमित वेतन आणि वर्षातून पुरेशी रजा यांची हमी संस्थेने द्यायला हवी.

निवासी शाळेचा मुख्याध्यापक रात्री काय करतो याची कल्पना येण्यासाठी एकच प्रसंग पुरेसा आहे. जुलैचा पाऊस लागलेला असतो, रात्री एक वाजता सातवीतल्या मुलीचे हातपाय असह्य दुखू लागतात. तिला सिकलसेल, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून रक्तप्रवाह अडवण्याचा आनुवंशिक आजार आहे, जो या दोन्ही जिल्ह्यांत बराच आढळतो. मुख्याध्यापकाला हे आधीपासून ठाऊक असेल, तिची औषधे कुठे आहेत हे माहीत असेल, ग्रामीण रुग्णालयाकडे जाताना कोणत्या नाल्यावर पाणी येते आणि पलीकडच्या गावात गाडी कोणाची मिळते हे त्याने उन्हाळ्यातच विचारून ठेवले असेल, अधीक्षिका मुलीबरोबर गेल्यावर बाकीच्या मुलींजवळ कोण थांबेल हे ठरलेले असेल, तर ती मुलगी वेळेत पोचते. यातले काहीही पदवीच्या प्रमाणपत्रावर लिहिलेले नसते. आश्रमशाळांतील मृत्यूंचा अभ्यास करण्यासाठी डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली आणि २०१६ मध्ये तिचा अहवाल आला, ही वस्तुस्थिती निवड समितीच्या प्रत्येक सदस्यासमोर असली पाहिजे.

याहूनही कठीण कसोटी मुलांच्या लैंगिक सुरक्षिततेची आहे. एप्रिल २०१९ मध्ये राजुरा येथील एका खासगी शाळेच्या वसतिगृहातील आदिवासी मुलींवरील अत्याचार उघडकीस आले. त्या प्रकरणात गुन्ह्याची खबर न दिल्याचा आरोप असलेल्या एका डॉक्टरवरील आरोपपत्र नागपूर खंडपीठाने रद्द केले होते. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय फिरवला आणि माहिती असूनही खबर न देणे हा गंभीर गुन्हा असल्याचे बजावले. पॉक्सो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या २०१२ च्या कायद्याचे कलम १९ अशी खबर पोलिसांना देणे प्रत्येकावर बंधनकारक करते, आणि आपल्या हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला कलम २१ नुसार एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तरीही 'शाळेची बदनामी होईल' हे वाक्य या क्षेत्रात अजून ऐकू येते. मुलाखतीत उमेदवाराला थेट विचारावे की, वसतिगृहातील एखाद्या मुलीने संस्थेच्या पदाधिकाऱ्याविषयीच तक्रार केली तर पुढच्या एका तासात तो काय करेल. 'आधी अध्यक्षांशी बोलून घेईन' असे उत्तर देणाऱ्याला, त्याचा अनुभव कितीही मोठा असो, निवडू नये. आणि ज्या संस्थेला हा प्रश्न विचारण्याचेच धाडस होत नाही, तिने वसतिगृह चालवू नये.

ज्येष्ठतेच्या यादीत पात्र माणूस नसेल, शाळा नवी असेल किंवा कायद्याने मोकळीक असेल, तेव्हा जाहिरात द्यावी लागते आणि तिथे खरी निवड करण्याची संधी मिळते. वर्तमानपत्रातील चार ओळींच्या जाहिरातीत 'शासन नियमानुसार वेतन' आणि 'मूळ कागदपत्रांसह उपस्थित राहावे' एवढेच असते; त्याऐवजी शाळा कोठे आहे, किती मुले रात्री राहतात, निवासस्थान कसे आहे आणि पावसाळ्यात रस्ता किती दिवस बंद असतो हे स्पष्ट लिहिले, तर अर्ज कमी येतील पण येणारे जाणूनबुजून येतील. मुलाखत संस्थेच्या शहरातील कार्यालयात न घेता शाळेतच घ्यावी. शेवटच्या दोन-तीन उमेदवारांनी एक रात्र तेथे काढावी, मुलांच्या पंगतीत जेवावे, धान्याची कोठी आणि मुलींच्या वसतिगृहाचे दार-कडी पाहावी, आणि काय बदलावे हे दुसऱ्या दिवशी समितीला सांगावे. मुलांच्या ताटात वाढलेल्या वरणाकडे ज्याचे लक्षच गेले नाही, त्याने शैक्षणिक गुणवत्तेवर कितीही छान बोलले तरी ते बाजूला ठेवावे. समितीत एक महिला, एक स्थानिक भाषा बोलणारा पालक आणि संस्थेशी हितसंबंध नसलेला एक निवृत्त मुख्याध्यापक असावा. पोलिसांकडील चारित्र्य पडताळणी आणि आधीच्या शाळेकडे प्रत्यक्ष फोन करून केलेली चौकशी ही दोन्ही कामे नेमणुकीच्या आदेशापूर्वी व्हावीत. अनुभवाच्या दाखल्यावर विसंबणे धोक्याचे आहे, कारण नको असलेल्या माणसाला चांगला दाखला देऊन दुसरीकडे पाठवण्याची सोयीस्कर वाट अनेकांनी वापरलेली आहे.

निवड झाल्यावरचे पहिले वर्ष संस्थेने फार जपले पाहिजे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल वेचणीला आणि मेमध्ये तेंदूपत्त्याला सारे घर जंगलात जाते, सणाला गावी गेलेली मुले आठ-आठ दिवस परतत नाहीत, हे बाहेरून आलेल्या मुख्याध्यापकाला कोणीतरी सांगावे लागते. नाहीतर तो गैरहजेरीची नोटीस काढतो आणि पालक मूल कायमचे काढून नेतात. जुना मुख्याध्यापक निवृत्तीपूर्वी किमान एक महिना नव्याबरोबर गावोगाव फिरला, तर हे ज्ञान हस्तांतरित होते.

कर्मचाऱ्याच्या निवृत्तीची तारीख जन्मतारखेवरून तो रुजू होतो त्याच दिवशी ठरलेली असते. पद अचानक रिकामे झाले, ही सबब त्यामुळे फारशी टिकत नाही. विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. ज्या संस्थांचे मुख्याध्यापक येत्या उन्हाळ्यात निवृत्त होत आहेत, त्यांनी दिवाळीपूर्वीच ज्येष्ठता यादी प्रसिद्ध करावी, हरकती निकालात काढाव्यात, मान्यतेचा प्रस्ताव वेळेत पाठवावा आणि एप्रिलमध्ये नवा माणूस शाळेत आणून ठेवावा. आणि पालकांनी मुलाचा दाखला शाळेत देण्याआधी एवढेच विचारावे की मुख्याध्यापक रात्री कुठे राहतात.