981 हे पातूरचं उत्तर नाही

मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, इथं खुर्च्या रिकाम्या आहेत.

पत्रिकेवर विषय मोठा छापलाय: पदवीच्या वर्गात विज्ञान कसं शिकवावं. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे हा कोण सांगणारा असं कुणाला वाटलं तर त्यात गैर काही नाही. पण मी आधी बी.एस्सी.चा विद्यार्थी होतो. तत्त्वज्ञानाकडे वळलो त्याची बरीच कारणं आहेत. त्यातलं एक पन्नासेक वर्षांपूर्वी प्रयोगशाळेतल्या एका टेबलावर घडलं. आज तेवढंच सांगतो.

प्रयोग साधा दोलकाचा. एक दोरा, खाली धातूचा गोळा, हातात स्टॉपवॉच. लांबी मोजायची, वीस आंदोलनांना किती वेळ लागतो ते पाहायचं, आणि सूत्रात घालून गुरुत्व त्वरण काढायचं. उत्तर सगळ्यांना आधीच पाठ होतं: 981 सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग.

मी काय केलं ते सांगतो, आता सांगायला हरकत नाही. मी उलटीकडून निघालो. सूत्रात 981 घातले, एक मीटर लांबी घातली, वीस आंदोलनांचा वेळ काढला. तो येतो 40.12 सेकंद. मग जर्नलमध्ये लिहिलं 40.1, 40.2, 40.1. थोडं इकडे, थोडं तिकडे, म्हणजे खरं वाटावं. उत्तर आलं 981 च्या अगदी लगत. सरांनी पाठ थोपटली.

माझ्या शेजारच्या टेबलावरचा मित्र खेड्यातून आलेला, फार सरळ. त्यानं खरंच मोजलं. त्याचं आलं 976. सर म्हणाले, पुन्हा कर. त्यानं पुन्हा केलं, तेवढंच आलं. तो म्हणाला, ‘सर, म्या मोजलं तं हेच येते.’ त्याच्या पानावर लाल पेन्सिलीची रेघ बसली. पुढच्या वर्षी त्यानं आर्ट्सला नाव घातलं. त्या एका रेघेमुळे, असं मी म्हणणार नाही. पण ती रेघ मला अजून दिसते, कारण ती माझ्या पानावर पडायला हवी होती.

आता गंमत ऐका. 981 हे उत्तर आपल्या पातूरचं नाहीच!

पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांपाशी जरा चपटी आहे, आणि स्वतःभोवती फिरते. त्यामुळे गुरुत्व त्वरण विषुववृत्तावर सर्वांत कमी, ध्रुवांवर सर्वांत जास्त. पुस्तकातला आकडा साधारण पंचेचाळीस अंश अक्षांशाचा, म्हणजे युरोपच्या मधल्या पट्ट्याचा. आपण साडेवीस अंशांच्या जवळ. इथं हिशेबानं येतं सुमारे 978.6. म्हणजे वऱ्हाडात बसून आम्ही सगळे वर्षानुवर्षं दुसऱ्याच गावचं उत्तर जर्नलमध्ये लिहीत होतो, आणि त्याला मार्क मिळत होते.

हा फरक माणसाला कळला कसा? दोलकानंच. 1672 साली झां रिशे नावाचा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेतल्या कायेन इथं गेला. ते गाव विषुववृत्तापासून पाचच अंशांवर. पॅरिसला बरोबर चालणारं दोलकाचं घड्याळ तिथं रोज सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. वेळ जुळवायला दोलक जवळजवळ तीन मिलिमीटर आखूड करावा लागला. पॅरिसमधल्या काहींना ती रिशेचीच चूक वाटली. न्यूटनला तसं वाटलं नाही. 1687 च्या ‘प्रिन्सिपिया’त त्यानं हेच निरीक्षण हाताशी धरून पृथ्वी चपटी असल्याचं मांडलं. रिशेच्या जागी मी असतो तर? घड्याळ दुरुस्तीला टाकलं असतं आणि वहीत पॅरिसचा आकडा लिहिला असता.

मग माझा मित्र बरोबर होता का? नाही, तसंही नाही. इथं घाई करू नका, खरा धडा पुढेच आहे.

एक मीटरच्या दोलकाला 978.6 धरलं तर वीस आंदोलनांना 40.17 सेकंद लागतात. 981 धरलं तर 40.12. फरक सेकंदाच्या विसाव्या भागाचा. आमच्या स्टॉपवॉचवर तो दिसणंच शक्य नव्हतं, आणि बटण दाबायला बोटालाच त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. लांबीचं पाहा. मीटरमागे अडीच मिलिमीटर चुकले, ज्वारीच्या दाण्याहूनही कमी, की 978.6 चे 981 होतात. गोळ्याचा मध्य नेमका कुठं, यात एवढी चूक सहज होते. आणि झोका? दहा अंशांचा झोका दिला तर आंदोलनाचा वेळ थोडा वाढतो आणि उत्तर साडेतीन-पावणेचारनं खाली येतं. माझ्या मित्राचा झोका बहुधा मोठा होता.

म्हणजे त्याचं प्रामाणिक उत्तर 976 नव्हतं. ते होतं ‘976, अधिक-उणे सहा-सात’. या पट्ट्यात 978.6 पण बसतं आणि 981 पण. त्या घड्याळानं, त्या दोऱ्यानं याहून जास्त कुणालाच सांगता आलं नसतं. आम्हाला आकडा शिकवला, पण आकड्याची रुंदी शिकवली नाही. माझ्या मते पदवीच्या विज्ञानात सगळ्यात आधी शिकवायची गोष्ट ती रुंदी आहे. मला किती माहीत आहे आणि किती नाही, हे आकड्यात सांगता येणं. आम्ही तत्त्वज्ञानवाले यावर जाडजूड पुस्तकं लिहितो. बी.एस्सी.च्या पोरांना ते दोऱ्यानं कळू शकतं.

करायचं काय? उत्तर आधी सांगू नका. प्रत्येक टेबलानं आपलं उत्तर आणि आपल्या चुकीचा अंदाज फळ्यावर लिहावा. तुझं 970 का, हिचं 985 का, यावर पोरांनी आपसात भांडावं. मग दुसऱ्या आठवड्यात तोच प्रयोग पुन्हा: दोरा लांब, झोका लहान, आंदोलनं शंभर. चुकीचा पट्टा किती अरुंद झाला, त्याला मार्क द्या. 981 ला मार्क देऊ नका.

रसायनशास्त्रातही हेच. पाण्याचा कठीणपणा काढायचा प्रयोग बी.एस्सी.ला असतो. ब्युरेटमधून थेंब सोडायचे, लालसर रंग निळा झाला की थांबायचं. पण पाणी बहुतेक ठिकाणी प्रयोगशाळेतच तयार केलेलं, उत्तर शिक्षकांच्या वहीत. अहो, आपल्या शेजारी पूर्णेच्या खोऱ्यात अख्खा खारपाणपट्टा पसरलाय! अकोट, दर्यापूर भागातली पोरं वर्गात असतात. त्यांच्या गावच्या विहिरीचं पाणी बाटलीत आणायला सांगा. त्याचं उत्तर कोणत्याच गाइडात नसतं.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. विज्ञान आणि गणिताच्या पदवी वर्गांवरच्या 225 अभ्यासांचा एकत्र आढावा 2014 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात शंभरातले सुमारे 34 नापास, विद्यार्थी स्वतः काही करत, बोलत शिकतात त्या वर्गात सुमारे 22. (हे मी व्याख्यानातच सांगतोय, याची मला कल्पना आहे.)

अडचणी मला ठाऊक आहेत. एका बॅचला पोरं जास्त, स्टँड कमी. शिक्षक तासिका तत्त्वावर, त्याला तासाचे पैसे; एक प्रयोग दोन आठवडे चालवला तर उरलेले कोण पुरे करणार? परीक्षेला एक्स्टर्नल येतो तो जर्नल चाळतो, सही करतो. त्या तरुण शिक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही. विद्यापीठानं प्रयोगांची यादी अर्धी करावी, म्हणजे उरलेले तरी खरे होतील. वीस खोट्या प्रयोगांपेक्षा मला आठ खरे चालतील.

परवा एका मुलानं मला विचारलं, ‘सर, उत्तर तं पुस्तकात हाये, मंग मोजाचं कायले?’ प्रश्न अगदी रास्त आहे. आपण त्याला आजवर तसंच शिकवलंय.

आता बाहेर जिन्यापाशी या. वरच्या मजल्याच्या कठड्याला चार मीटरचा दोरा बांधून ठेवलाय, खाली वजन आहे. एवढ्या लांबीत ते मीटरमागचे अडीच मिलिमीटर एक सेंटिमीटर होतात, म्हणजे टेपवर दिसतात. दोघांनी लांबी मोजा, बाकीच्यांनी मोबाइलवर वेळ घ्या, झोका वीतभरच द्या. खरं तर 978.6 हा आकडा मी तुम्हाला आधी सांगायलाच नको होता, ती माझी चूक झाली. प्रश्न असतील ते तिथंच विचारा.