दुःख कोणत्या भाषेत सांगायचे?

सीमाभागात भाषेचा प्रश्न निघाला की आपल्या डोळ्यांसमोर ठरावीक चित्रे येतात. बसवरची पाटी, कन्नडमधून मिळणारा जमिनीचा उतारा, ग्रामपंचायतीची नोटीस, मराठी शाळेतल्या शिक्षकांच्या रिकाम्या जागा. हे सारे प्रश्न खरे आहेत. त्यांसाठी इथल्या खेड्यापाड्यांतल्या माणसांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगले. पण उतारा एखाद्याकडून वाचून घेता येतो, पाटी कळली नाही तर कंडक्टरला विचारता येते. एक जागा मात्र अशी आहे की तिथे दुसऱ्याची जीभ उसनी घेऊन भागत नाही. ती म्हणजे मनाचे दुखणे.

खानापूर तालुक्यातल्या एखाद्या गावातली पन्नाशीची बाई डोळ्यांसमोर आणा. शाळा चौथीपर्यंत, तीही मराठी. कन्नड बाजारहाटापुरते कळते. सहा महिने झाले, तिला धड झोप नाही. जेवण उतरत नाही. ‘जीव घाबराघुबरा होतो’, ‘कशात मन लागत नाही’, ‘काळजावर दगड ठेवल्यागत वाटते’ असे ती शेजारणीला सांगते. सरकारी दवाखान्यात नेले तर समोरचा डॉक्टर किंवा समुपदेशक कन्नड बोलणारा असण्याचा संभव मोठा. मग दुभाषा म्हणून उभा राहतो तो घरातला मुलगा, नाहीतर सून. आता तिच्या दुःखाचे कारण त्या घरातच असेल तर ती काय सांगणार? पाच मिनिटे ती काहीबाही बोलते आणि मुलगा एका वाक्यात भाषांतर करतो, ‘आईला झोप येत नाही.’ झोपेची गोळी मिळते. बाकीचे सगळे तिच्याबरोबर संध्याकाळच्या गाडीने गावाकडे परत येते.

यात डॉक्टरचा दोष काढण्यात अर्थ नाही. रांगेत पन्नास माणसे असतात आणि मनोविकारतज्ज्ञ हा प्राणी आपल्या देशात दुर्मीळच. २०१५-१६ साली बंगळूरच्या निमहान्स संस्थेने राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली. तीत १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे दिसले. उदासीनता, चिंता अशा नेहमी आढळणाऱ्या आजारांत तर शंभरातल्या सुमारे ८५ जणांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. एवढ्या माणसांना पुरतील इतके डॉक्टर उद्या सकाळी कुठून आणणार? म्हणून गेल्या काही वर्षांत जगभर दुसरी वाट धरली गेली आहे. जो माणूस स्वतः अशा आजारातून गेला, सावरला, त्यालाच शिकवून तयार करायचे आणि दुसऱ्याच्या सोबतीला द्यायचे. इंग्रजीत त्याला ‘पीअर सपोर्ट वर्कर’ म्हणतात. मराठीत अजून नाव बसलेले नाही. आपण ‘अनुभवी सोबती’ म्हणू.

कल्पना परकी वाटली तरी मराठी माणसाला ती नवी नाही. पुण्यात अनिल अवचट आणि डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली ‘मुक्तांगण’ सुरू केले. तिथल्या कार्यकर्त्यांत स्वतः व्यसनातून बाहेर पडलेली माणसे मोठ्या संख्येने राहिली आहेत. दारू सोडू पाहणाऱ्याला दारू सोडलेल्याचे म्हणणे जितके पटते तितके पांढऱ्या कोटातल्याचे पटत नाही, हे त्यांनी ओळखले होते. ‘तुला काय कळणार?’ हा रोग्याचा हुकमी प्रश्न तिथे चालत नाही. मुळात धुळ्याचे आणि कॅनडात प्राध्यापकी केलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पुण्यात स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी संस्था उभी केली. तिथेही रुग्णांचे नातेवाईक एकमेकांना आधार देत आले. २००४ साली आलेला ‘देवराई’ हा चित्रपट पाहिलेल्यांना हा आजार घरात काय करतो ते सांगायला नको.

गोव्याने काय शिकवले

आपल्याला सर्वात जवळचा धडा आहे तो गोव्याचा. चोर्ला घाट उतरला की आलाच. तिथे ‘संगाथ’ ही संस्था १९९६ पासून काम करते. डॉक्टर नसलेल्या, पण नीट शिकवून तयार केलेल्या स्थानिक माणसांकरवी तिने प्राथमिक आरोग्य केंद्रांत उदासीनतेवर बोलण्याचा उपचार देऊन पाहिला. बैठका सहा ते आठ. यातले निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. तीन महिन्यांनंतर हा उपचार मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण आजारातून बाहेर आले होते, न मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. हे समुपदेशक सगळेच स्वतः त्या आजारातून गेलेले नव्हते, हे खरे. पण ते त्याच भागातले होते, त्याच बोलीत बोलणारे होते. साताऱ्यातही स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी गावपातळीवरचे कार्यकर्ते तयार करून असे काम झाले. गोवा आणि तमिळनाडूतील केंद्रांसह त्याचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. सुधारणा माफकच दिसली, पण दिसली.

गोव्यातला आणखी एक प्रयोग गरोदर आणि बाळंतीण बायांसाठीचा. शिकवून तयार केलेल्या साध्या गृहिणी, स्वतः आया झालेल्या, उदास झालेल्या गरोदर बाईच्या घरी जाऊन बसत. त्यांना नाव दिले होते ‘सखी’. हाच कार्यक्रम पाकिस्तानात रावळपिंडीजवळ राबवला गेला. तिथे अशाच बायांना ‘रझाकार’ म्हणत. उर्दूत रझाकार म्हणजे स्वयंसेवक, शब्द सरळ आहे. पण बिदर, भालकी, औरादच्या किंवा हैदराबादच्या मराठी घरात हे नाव घेऊन कोणी दार वाजवले तर काय होईल? १९४७-४८ च्या आठवणी ज्या घरांत पिढीजात सांगितल्या गेल्या, तिथे आजी आतून कडी लावून घेईल. एका ठिकाणी धीर देणारा शब्द दुसऱ्या ठिकाणी थरकाप उडवतो. शब्दकोशात पाहून प्रशिक्षणाची पुस्तिका भाषांतरित करणाऱ्यांनी हे एक उदाहरण टेबलावर लिहून ठेवावे.

पुण्यामुंबईच्या मराठीनेही हा प्रश्न सुटत नाही, हेही सांगायला हवे. ‘नैराश्य’, ‘समानुभूती’, ‘स्व-प्रतिमा’ असे शब्द निपाणीच्या तंबाखू वखारीतल्या बाईला कन्नडइतकेच दूरचे. आपल्याकडचे मराठी कन्नडशी शेजार करून वाढले आहे. कारवार, हल्याळकडे त्यात कोकणी मिसळते. गोव्यात कार्यकर्त्यांनी ‘डिप्रेशन’ या शब्दापेक्षा लोकांच्या तोंडचा ‘टेन्शन’ हाच शब्द धरला, कारण माणसे तोच बोलत होती. शब्द इंग्रजी असला तरी तो आता गावचाच आहे. त्याला मराठीपणाची परीक्षा द्यायला लावू नये.

ऐकायलाही शिकावे लागते

‘आपले दुःख भोगलेला माणूस आहे, त्याला आणखी काय शिकवायचे?’ असे कोणी विचारील. इथेच घोटाळा होतो. दुःख भोगल्याने माणूस शहाणा होतोच असे नाही. पुष्कळदा तो नुसता बोलका होतो. समोरच्याने एक वाक्य बोलावे आणि याने ‘माझे तर याहून वाईट झाले होते’ म्हणून तासभर स्वतःची कहाणी सांगावी, हा अनुभव आपण सर्वांनी मयताच्या घरी घेतलेला आहे. म्हणून स्वतःचे किती सांगायचे आणि कधी थांबायचे, हा शिकण्यातला सर्वात अवघड भाग. समोरच्याला आशा वाटेल एवढे सांगावे, त्याच्या गोष्टीवर आपली गोष्ट चढू देऊ नये. ‘देवाचे कर’, ‘मन घट्ट कर’, ‘लेकरांकडे बघ’ हे आपले पिढीजात सल्ले गिळायला शिकावे लागते. शांत बसून ऐकणे हे काम आहे, हे आपल्याला कोणी कधी शिकवलेच नाही.

मग गुप्ततेचा प्रश्न. शहरात समुपदेशक रस्त्यात भेटला तरी ओळखणारे कोणी नसते. तीनशे उंबऱ्यांच्या गावात सोबती कोणाच्या ओसरीवर बसला हे दुपारपर्यंत पाणवठ्यावर कळते. कुठे भेटायचे, विचारले तर काय सांगायचे, यांचा सराव करावा लागतो. औषधाच्या बाबतीत नियम कडक: सोबत्याने गोळी सुचवायची नाही आणि चालू असलेली बंद करायलाही सांगायची नाही, भले त्याची स्वतःची बंद झालेली असो. जीव देण्याची भाषा, कानात आवाज येणे, बाळंतिणीने मुलाकडे पाठ फिरवणे, अन्नपाणी सोडणे ही लक्षणे दिसली की त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. जीव द्यायचा प्रयत्न झाला तर पोलीस केस होईल या भीतीने घरचे लपवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ११५ व्या कलमाने अशा माणसाला तीव्र मानसिक ताण होता असेच धरायचे आणि त्याला शिक्षा करायची नाही असे ठरवले आहे. सोबत्याला हे ठाऊक असले तर एखादा जीव वेळेवर दवाखान्यात पोचेल.

आणि आता देखरेख. गोव्यात समुपदेशकांच्या बैठका रुग्णाच्या संमतीने ध्वनिमुद्रित केल्या जात. मग सहकारी एकत्र बसून ते ऐकत आणि एकमेकांना गुण देत. कुठे घाई केली, कुठे उपदेश केला, कुठे रुग्ण काही सांगू पाहत होता आणि ऐकणाऱ्याने विषय बदलला, हे त्यातून उघडे पडे. सीमाभागातला भाषेचा प्रश्न खरा इथे येतो. चार दिवसांचे शिबिर भाड्याने आणलेल्या दुभाष्याकडून उरकता येईल. पण वर्षभर दर आठवड्याला ‘काळजावर दगड’ हे शब्द कसे उच्चारले गेले ते ऐकणारा पर्यवेक्षक मराठी न कळणारा असेल तर तो काय दुरुस्त करणार? तो हजेरीपट तपासील, भेटींचे आकडे मोजील. आणि सोबती स्वतः खचला, त्याचा आजार उलटला, तर त्याने कोणाजवळ बोलायचे? त्यालाही आपल्या भाषेतला माणूस लागतोच.

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात २०१३ पासून ‘आत्मीयता’ नावाचा उपक्रम राबवला गेला. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राचे हे काम. गावातलेच स्वयंसेवक निवडून त्यांना ऐकणे, अडचण सोडवायला मदत करणे, सरकारी योजनेपर्यंत पोचवणे असे शिकवले. पुढे तो गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात वाढवला गेला तेव्हा सारे गुजरातीत झाले. मराठीतले काम सरळ उचलून तिथे ठेवले नाही. एकाच संस्थेला राज्य ओलांडताना भाषा बदलावीशी वाटते, मग एकाच राज्यातल्या दोन भाषांसाठी ती का बदलू नये? अनुभवी सोबत्यांसाठीच आखलेला ‘अपसाइड्स’ हा प्रकल्पही पुणे, कंपाला, दार-ए-सलाम, उल्म, हॅम्बुर्ग अशा ठिकाणी मिळून चालला. त्यातही मूळ अभ्यासक्रम एक आणि प्रत्येक ठिकाणची भाषा वेगळी, असेच ठरले होते.

कायदा आपल्या बाजूने आहे, पण थोडाच. २०१७ च्या याच कायद्याच्या २२ व्या कलमानुसार रुग्णाला त्याच्या आजाराची आणि उपचाराची माहिती त्याला समजेल त्या भाषेत मिळण्याचा हक्क आहे. हा हक्क ऐकण्याचा आहे. त्याचे म्हणणे त्याच्या भाषेत ऐकून घेणारा माणूस नेमा, असे त्यात लिहिलेले नाही. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने राज्यात किंवा देशात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडता येते. तेव्हा निवेदन मराठीत द्यायला कोणाची आडकाठी नाही. आणि हे मागताना जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूरच्या कन्नड बोलणाऱ्या माणसांचाही विचार ठेवावा. त्यांच्या आयाबहिणींची मराठी दवाखान्यात हीच गत होते. आपण जे बेळगावात मागतो ते महाराष्ट्राने त्यांना द्यायला नको, असे म्हणणाऱ्याची मागणी कोणी मनावर घेणार नाही.

निवेदनात ‘मराठी पुस्तिका मिळावी’ एवढेच लिहू नये. पुस्तिका छापून येईल आणि तालुक्याच्या कपाटात पडेल. प्रशिक्षक सीमाभागातला, बोली जाणणारा असावा. निम्मे शिकवणे तरी आजारातून सावरलेल्यांकडे असावे. पर्यवेक्षकाला मराठी कळावी. दरवर्षी उजळणी व्हावी, प्रमाणपत्राला पुढच्या नेमणुकीत किंमत असावी, आणि मानधन मिळावे. शेवटचा मुद्दा मी मुद्दाम लिहितो. ‘सेवाभाव’ हा शब्द आपल्याकडे बायकांकडून फुकट काम करून घ्यायला फार सोयीचा पडतो. आशा कार्यकर्तींना विचारा. आजारामुळे ज्याची नोकरी किंवा शेती आधीच हातची गेली, त्याला तर फुकट राबवणे म्हणजे दुसऱ्याचे दुखणे बरे करताना त्याला नव्याने आजारी पाडणे.

सरकार हलेपर्यंत थांबायचे कारण नाही. खेड्यांतली वाचनालये, महिला मंडळे, तालमी ही आपली जुनी ठिकाणे आहेत. दारू सोडलेले, झटक्यातून सावरलेले, बाळंतपणानंतरच्या काळोखातून बाहेर आलेले लोक गावोगाव आहेत. फक्त ते बोलत नाहीत. तोपर्यंत दूरध्वनीवरची एक सोय तरी माहीत असावी. केंद्र सरकारची ‘टेलि मानस’ ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. तीत भाषा निवडता येते आणि त्या भाषांत मराठी आहे. फोन लागला की पहिल्यांदा भाषाच विचारतात. मराठी निवडूनही पलीकडून दुसऱ्या भाषेत उत्तर आले, तर दिवस आणि वेळ लिहून ठेवा. निवेदनाला तेच सर्वात भक्कम कागद होतील.