३१ गुण आणि एकही हात नाही

पत्ते हा शब्द ऐकला की आपल्या वस्तीतल्या आयाबायांच्या कपाळाला आठी पडते आणि ती रास्तच आहे. तीन पत्तीच्या फडात पगार घालवून घरी परतणारा माणूस त्यांनी पाहिलेला असतो. त्या फडाची वकिली करण्याचे आम्हांस कारण नाही. परंतु याच ५२ पानांत एक खेळ असा आहे की, ज्यात दमडीची पैज नसली तरी माणसे आयुष्य घालवतात, रात्र रात्र कोडी सोडवतात आणि स्वतःवरच हसतात. तो खेळ म्हणजे ब्रिज. साहेबांच्या क्लबातला, जिमखान्यातला खेळ म्हणून आपण तिकडे फारसे फिरकलो नाही. पण त्या खेळातला विनोद नेमकी कोणाची टर उडवतो, हे एकदा पाहण्यासारखे आहे.

ज्याला मेंढीकोट येतो त्याला निम्मे ब्रिज आलेच. चार खेळाडू, समोरासमोरचे दोघे भिडू, प्रत्येकाला १३ पाने, एक रंग हुकूम आणि मोठ्या पानाचा हात. फरक इतकाच की, हुकूम कोणता आणि हात किती करणार याची बोली आधी लावायची. बोली जिंकणाऱ्याचा भिडू आपली पाने टेबलावर उघडी मांडून गप्प बसतो. त्याला डमी म्हणतात. पानांची ताकद मोजायला एक्क्याला ४, राजाला ३, राणीला २ आणि गुलामाला १ असे गुण धरतात. सगळ्या कॅटात मिळून ४० गुण. आजच्या खेळाची गुणपद्धत १९२५ साली हेरॉल्ड व्हँडरबिल्ट या अमेरिकन रेल्वेसम्राटाच्या वारसाने एका बोटीच्या प्रवासात बसवली. म्हणजे खेळाचे कूळ श्रीमंतांचेच, हे नाकारण्यात अर्थ नाही.

या श्रीमंतीचा एक नमुना पाहा. १९ व्या शतकात इंग्लंडात यारबरो नावाचे एक लॉर्ड होते. ब्रिजच्या आधीचा खेळ व्हिस्ट, तो तेव्हा जोरात होता. लॉर्डसाहेब खेळाडूंना सांगत, "तुमच्या १३ पानांत नव्वीच्या वरचे एकही पान आले नाही तर मी १००० पौंड देतो, आले तर तुम्ही मला १ पौंड द्या." ऐकणाऱ्याला वाटे, केवढे हे औदार्य! आता हिशेब करा. अशी भिकार पाने सरासरी १८२८ वाटपांत एकदा येतात. म्हणजे १८२७ पौंड खिशात घालायचे आणि १००० द्यायचे. अशा पानांना आजही जगभर ‘यारबरो’च म्हणतात. दुसऱ्याला गणित येत नाही या भरवशावर उभे राहिलेले औदार्य आपल्या वाचकांना नवीन नाही. गंमत एवढीच की, लॉर्डाचे नाव शेवटी जिंकलेल्या पौंडांना न चिकटता सर्वांत दरिद्री पानांना चिकटले.

आता उलटी बाजू पाहू. हाती सगळे असूनही काहीच न मिळणारा डाव. ड्यूक ऑफ कंबरलँड हा इंग्लंडचा राजपुत्र अशाच राजेशाही पानांवर फार मोठी रक्कम हरला, अशी आख्यायिका व्हिस्टच्या काळापासून सांगतात. त्याच जातीचा डाव इयान फ्लेमिंगने १९५५ च्या ‘मूनरेकर’ या कादंबरीत घातला. ड्रॅक्स हा पत्त्यांत लबाडी करणारा धनाढ्य. त्याच्या हातात इस्पिकचे एक्का, राजा, राणी, गुलाम. बदामचेही तेच चार. चौकटचे एक्का, राजा. आणि किल्वरचे राजा, गुलाम, ९. एकूण गुण ३१. जेम्स बाँडकडे चौकटची राणी, ८, ७, ६, ५, ४, ३, २ आणि किल्वरचे एक्का, राणी, १०, ८, ४. त्याच्या भिडूकडे इस्पिक १०, ९, ८, ७. बदाम ६, ५, ४, ३. किल्वर ७, ६, ५, ३, २. चौकट नाहीच. उरलेली १३ पाने ड्रॅक्सच्या भिडूची. बाँडच्या जोडीचे मिळून गुण फक्त ८. तरी बाँड बोली लावतो : किल्वर हुकूम, १३ पैकी १३ हात! ड्रॅक्स हसत डबल देतो, बाँड रिडबल.

आणि ड्रॅक्सला एकही हात मिळत नाही. तो बाँडच्या उजवीकडे आहे. चौकटची उतारी होते. ती डमीवर हुकमाने मारायची. मग डमीकडून किल्वर खेळायचे. ड्रॅक्सने जे टाकले त्याच्या जरा वरचे बाँडने टाकायचे. पुन्हा चौकट डमीवर मारली की ड्रॅक्सचे चौकट एक्का आणि राजा दोन्ही मातीत. पुन्हा किल्वर, मग हुकमाचा एक्का, आणि राजा गळतो. चौकटच्या राणीने उरलेले शेवटचे चौकट ओढून घेतले की हाती राहिलेली पाच बारकी चौकट पाने एक्क्याच्या तोऱ्यात हात करत सुटतात. इस्पिक आणि बदामचे आठ सरदार नुसते बघत राहतात, कारण त्यांच्या रंगाला कोणी विचारतच नाही. बाँडने हा कॅट आधीच लावून ठेवलेला असतो. फसवणाऱ्याला फसवले हा कोर्टात बचाव होत नाही, हे वकील म्हणून सांगणे भाग आहे. कादंबरीत मात्र निर्दोष सुटका!

ब्रिजच्या विनोदाचा खरा बादशहा व्हिक्टर मोलो. जन्म रशियातला, क्रांतीनंतर कुटुंब देशोधडीला लागले आणि तो लंडनला स्थिरावला. १९६५ साली त्याचे ‘ब्रिज इन द मेनॅजरी’ आले आणि एका क्लबातले सगळे सभासद त्याने प्राणी करून टाकले. खेळात अव्वल पण अधाशी आणि बढाईखोर डुक्कर. गोंधळून भलतेच पान टाकणारा आणि त्यामुळेच जिंकणारा ससा. गुण मोजण्यात रमलेला वॉलरस. हात गेले तरी चालतील, गुण जास्त होते ना, यात त्याचे समाधान. आणि सेक्रेटरी बर्ड, म्हणजे नियमांचे पुस्तक तोंडपाठ असलेला पक्षी. तो प्रत्येक बारीक चुकीवर कलम लावतो आणि त्या कलमाचा फायदा बहुधा प्रतिस्पर्ध्याला होतो. आमच्या बाररूममध्ये हा पक्षी कोणत्या खुर्चीवर बसतो, हे आम्ही सांगणार नाही.

या विनोदाचे मर्म असे की, तो दुबळ्या पानांना हसत नाही. हाती आलेल्या पानांना स्वतःची कर्तबगारी समजणाऱ्याला तो हसतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात रमीला कौशल्याचा खेळ ठरवताना ब्रिजचेच उदाहरण दिले. पाने कोणती येतील हा नशिबाचा भाग, ती कशी खेळायची हे कौशल्य. हा भेद क्लबात सर्वांना पटतो. क्लबाबाहेर गुणवत्तेची चर्चा निघाली की मात्र वाटपाचा विषय कोणी काढत नाही! ब्रिजवाल्यांनी त्यावर तोडही काढली. १८५७ साली लंडनमध्ये एक प्रयोग झाला : तीच पाने वेगवेगळ्या खेळाडूंना खेळायला द्यायची आणि मग तुलना करायची. आजच्या स्पर्धा याच पद्धतीने होतात. याच पद्धतीत २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. पदक घेताना बर्धन साठीत होते.

आमच्या वाचनालयांत संध्याकाळी पोरे जमतात, कॅटही निघतो. तेव्हा वर दिलेला डाव पाने उघडी मांडून लावा. ड्रॅक्सच्या भिडूने किल्वर सोडून कोणतीही उतारी करू द्या. किल्वर त्याच्याकडे नाहीच. चौकटऐवजी इस्पिक किंवा बदाम उतरले तर बाँडने पहिला हात कोणत्या पानाने मारायचा, हे ज्याला सांगता येईल त्याने पुढचा चहा पाजू नये, प्यावा.