ऑर्डर आधी की उद्यम नोंदणी आधी?

माल दिला, बिल दिलं, पण पैसे अडकले. अशा वेळी सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या मदतीला येतो २००६ चा एमएसएमई कायदा. लेखी करारात काहीही मुदत ठरवा, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत पैसे मिळायलाच हवेत. करारच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज.

पण गोम कुठे आहे बघा. ऑक्टोबर २०२२ मध्ये महाकाली फूड्स प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की, करारानंतर नोंदणी केली तर फायदा पुढच्या मालाला, मागच्या बिलांना नाही. म्हणजे पैसे अडकल्यावर नोंदणीसाठी धावलात, तरी जुनी थकबाकी त्यात बसत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये एनबीसीसी प्रकरणात कोर्टाच्याच दुसऱ्या पीठाला हे पटलं नाही. करारापूर्वी नोंदणी हवीच, असं कायद्यात दिसत नाही, असं त्यांचं मत. म्हणून प्रश्न तीन न्यायाधीशांच्या पीठाकडे पाठवला गेला.

मग आपण काय करायचं? कोर्टात काय ठरतं याच्यावर आपले पैसे टांगून ठेवायचे नाहीत. पहिल्या ऑर्डरच्या आधीच सरकारी उद्यम पोर्टलवर नोंदणी करा. फी शून्य, एजंटची गरज नाही. बिलावर उद्यम नंबर छापा आणि माल पोहोचला की चलनावर सही, तारीख घ्याच. उद्या वाद झाला, तर हाच कागद बोलेल.