न्हाणीच्या पाण्यावरची परसबाग

श्रोतेहो, बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यांतील तलवाडा हें गांव त्वरितादेवीच्या देवस्थानामुळें परिचित आहे. तालुक्याच्या उत्तरेस गोदावरी वाहते खरी, पण नदी कांहीं अंगणापर्यंत येत नाहीं. आणि १९७२ चा दुष्काळ ज्यांनीं पाहिला, त्यांना पाण्याचें मोल सांगावयास नको. अशा गांवीं परसांत फळझाडें व औषधी वनस्पती लावावयाच्या, तर पहिला प्रश्न रोपांचा नव्हे, पाण्याचा असतो.

म्हणून रोपें आणण्यापूर्वीं आपल्या न्हाणीकडे पाहावें. पांच माणसांच्या घरांत माणशीं १५ लिटरची एक बादली धरली, तरी रोज ७५ लिटर पाणी मोरीवाटें वाहून जातें. नव्या झाडास वैशाखांत दोन-तीन दिवसांनीं एक बादली मिळाली, तर तें तग धरतें. कागदावर हा हिशेब दहा-पंधरा झाडांचा भरतो. पण झाड वाढतें तशी त्याची तहानही वाढते. यास्तव पांच-सहाच झाडें लावावींत. आळ्यांत पालापाचोळ्याचा जाड थर पसरला, म्हणजे ओल टिकते.

साबणाच्या पाण्यांत मात्र क्षार असतात. तें एकाच जागीं सतत पडल्यास चुनखडीच्या काळ्या जमिनींत लिंबावर केवडा पडतो. म्हणजे पान पिवळें होतें आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जमिनींत लोह असूनही मुळांना तें घेतां येत नाहीं, हें त्याचें कारण. यावर उपाय असा कीं, न्हाणीचें पाणी प्रथम केळी-कर्दळीच्या वाफ्यांत सोडावें, इतर झाडांना तें पाळीपाळीनें द्यावें आणि शेणखत भरपूर घालावें. पपई उंचवट्यावर लावावी. बुंध्याशीं पाणी सांचलें, तर ती कुजते.

सीताफळ तर या जिल्ह्याचें भूषणच. बीडच्या सीताफळास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. उन्हाळ्यांत पानें गाळून हें झाड विसावा घेतें आणि त्याचा पाला शेळ्या सहसा खात नाहींत. फुलें पुष्कळ येऊनही फळें थोडीं धरतात, याचें रहस्य असें कीं, एकाच फुलांतील स्त्रीकेसर आधीं पक्व होतात व परागकण मागाहून सुटतात. तेव्हां पूर्ण उमललेल्या फुलांतील पराग मऊ कुंचल्यावर घेऊन अर्धवट उमललेल्या फुलांत हलकेच फिरवावा. हें काम घरांतील मुलेंही आनंदानें करतात.

औषधींत तुळस, गवती चहा, पानओवा आणि कोरफड यांना थोडी जागा पुरते. कुंपणास अडुळसा लावावा. गुरें त्यास तोंड लावीत नाहींत. खोकल्यावर त्याच्या पानांचा काढा देण्याची रीत जुनी आहे; परंतु गर्भवती स्त्रियांनीं तो घेऊं नये, आणि दुखणें रेंगाळल्यास वैद्य-डॉक्टरांस दाखवावें.

श्रोतेहो, आषाढांत रोप लावणें सोपें असतें. तें वैशाखांत जगविणें कठीण. म्हणून आपल्या घरचें पाणी जितक्या झाडांस पुढल्या मृगापर्यंत पुरेल, तितकींच आज लावावींत. पांच झाडें जगलीं, तर सहाव्याचा विचार पुढच्या वर्षीं अवश्य करावा.