राउटरला पाच स्टार आहेत, पण तो मे महिना काढेल का? वऱ्हाडात रिव्ह्यू कसे वाचायचे

अमरावती किंवा अकोल्यातल्या कुठल्याही कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "चांगला वायफाय राउटर कोणता?" असं विचारून पाहा. पाच मिनिटांत सहा उत्तरं येतात. एक जण ज्या मॉडेलची शिफारस करतो, त्याच मॉडेलबद्दल दुसरा "चुकूनही घेऊ नका" म्हणतो. शॉपिंग साइटवरही तेच चित्र दिसतं. एकाच राउटरला हजारो लोकांनी पाच स्टार दिलेले असतात आणि शेकडो लोकांनी एक.

मग खरं कोण बोलतंय? बऱ्याचदा दोघंही खरंच बोलत असतात. फक्त एकाने राउटर चार दिवस वापरलेला असतो आणि दुसऱ्याने एक उन्हाळा.

पाच स्टार नेमके कशाला मिळतात?

वस्तू घरी आली की काही दिवसांत साइटकडून "रिव्ह्यू द्या" असा मेसेज येतो. त्यामुळे बरेच रिव्ह्यू पहिल्या आठवड्यातले असतात. "पॅकिंग छान, डिलिव्हरी वेळेत, स्पीड मस्त" हे सगळं खरं असतं, पण त्यातून राउटर किती टिकेल हे कळत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे रिव्ह्यू लिहिणारे सहसा दोन टोकांचे असतात, फार खूश किंवा फार चिडलेले. ज्याचा राउटर तीन वर्षं कोपऱ्यात गुपचूप चालतोय, तो रिव्ह्यू लिहायला बसत नाही. म्हणून ४.३ की ४.१ या सरासरीवर डोकं लावण्यात अर्थ नाही. दोन, तीन आणि चार स्टारचे रिव्ह्यू आधी वाचावेत. "रेंज चांगली आहे, पण सहा महिन्यांनी रोज रीस्टार्ट करावा लागतो" अशी कामाची वाक्यं तिथेच सापडतात.

वऱ्हाडातला खरा पेपर: मे महिना

घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात शेवटी एक ओळ असते: वापराचं तापमान. अनेक मॉडेलसाठी ते ० ते ४० अंश सेल्सिअस दिलेलं असतं. हे राउटरभोवतीच्या हवेचं तापमान आहे, राउटरच्या आतलं त्याहून जास्त असतं.

आता अकोला आठवा. २०२४ च्या मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांच्या वर गेला आणि उष्णतेमुळे जिल्हा प्रशासनाला कलम १४४ लागू करावं लागलं. अशा दिवसांत वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली, बंद खोलीत माळ्यावर ठेवलेला राउटर ही ४० अंशांची मर्यादा ओलांडू शकतो. कूलर हॉलमध्ये आणि राउटर कपाटावर, अशी बऱ्याच घरांतली मांडणी असते.

उष्णतेचा पहिला फटका बसतो तो कपॅसिटर नावाच्या छोट्या भागाला. राउटरमध्ये आणि त्याच्या अडॅप्टरमध्ये हे भाग असतात. इलेक्ट्रॉनिक्समधला ठोकताळा असा आहे, की तापमान १० अंशांनी वाढलं की अशा कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. तो एकदम मरत नाही, हळूहळू थकतो. मग राउटर अधूनमधून आपोआप बंद-चालू होतो, किंवा दिवे लागलेले असूनही नेट अडकतं. कधीकधी राउटर ठणठणीत असतो आणि फक्त अडॅप्टर बदलला की काम होतं. नवा अडॅप्टर घेताना व्होल्ट तेच हवेत आणि अँपिअर तेवढेच किंवा जास्त हवेत.

थंड हवेच्या गावातून आलेला पाच स्टारचा रिव्ह्यू म्हणूनच वऱ्हाडात अर्धाच उपयोगी पडतो. रिव्ह्यूची तारीख बघा, शहर दिलं असेल तर तेही बघा. नागपूर, जळगाव, चंद्रपूर अशा तापणाऱ्या गावांतून जून-जुलैमध्ये लिहिलेला एक रिव्ह्यू दिवाळी सेलमधल्या पन्नास रिव्ह्यूंना भारी पडतो.

दोष राउटरचा की लाइनचा?

एक स्टारच्या रिव्ह्यूंमध्ये सगळ्यात मोठा गोंधळ इथे असतो. नेट बंद पडलं की राग समोर दिसणाऱ्या डब्यावर निघतो. पण दोष चार ठिकाणी असू शकतो: बाहेरून येणारी फायबर लाइन, राउटर, घरातली वीज, किंवा आपण उघडत असलेली वेबसाइट.

अकरावीचे ऑनलाइन प्रवेश २०२५ मध्ये पहिल्यांदाच राज्यभर लागू झाले. नोंदणी सुरू व्हायची होती त्या मे महिन्यातल्या दिवशी संकेतस्थळच कोलमडलं आणि तारीख पुढे ढकलावी लागली. अशा वेळी घरातला राउटर कितीही वेळा बंद-चालू केला तरी उपयोग नसतो. उलट, साइट चालू असताना फॉर्मच्या शेवटच्या दिवशी राउटर दगा देत असेल, तर ते आधी ओळखता आलं पाहिजे.

तपासणी सोपी आहे:

- फायबरच्या डब्यावर 'लॉस' लिहिलेला लाल दिवा लागला असेल, तर लाइन तुटलेली किंवा सैल आहे. कंपनीला फोन करा, राउटर बदलू नका.
- राउटरच्या मागच्या स्टिकरवर सेटिंगच्या पानाचा पत्ता असतो. मोबाइल वायफायला जोडून तो ब्राउझरमध्ये टाका. पान झटपट उघडलं पण नेट चालत नसेल, तर दोष बहुधा पुढे लाइनमध्ये आहे. पानच उघडत नसेल, तर राउटरकडे किंवा वायफायच्या सिग्नलकडे संशय घ्या.
- राउटरजवळ नेट चांगलं आणि आतल्या खोलीत रडकं असेल, तर तो बिघाड नव्हे. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल वेगवान असतो, पण जाड भिंतींमध्ये लवकर दमतो. २.४ गिगाहर्ट्झचा सावकाश असला तरी लांब जातो. मध्ये पत्र्याचा कूलर किंवा लोखंडी कपाट आलं की दोन्ही अडतात.
- लाइट गेल्यावर इन्व्हर्टर सुरू होतानाच राउटर रीस्टार्ट होत असेल, तर इन्व्हर्टर यूपीएस मोडवर आहे का ते बघा, किंवा राउटरसाठी वेगळा छोटा यूपीएस लावा.

ज्या रिव्ह्यूमध्ये यातला काहीच तपशील नसतो, नुसतं "बकवास" असतं, तो बाजूला ठेवायला हरकत नाही.

नाव तेच, आतला माल वेगळा

एकाच नावाच्या राउटरच्या वेगवेगळ्या आवृत्त्या बाजारात येतात. खोक्यावर किंवा स्टिकरवर बारीक अक्षरांत आवृत्तीचा क्रमांक असतो. याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे लिंकसिसचा डब्ल्यूआरटी५४जी. २००५ मध्ये आलेल्या त्याच्या पाचव्या आवृत्तीत मेमरी निम्मी केली गेली, बाहेरून डबा मात्र तसाच राहिला. त्यामुळे तीन वर्षांपूर्वीचं कौतुक आजच्या आवृत्तीला लागू पडेलच असं नाही.

खोट्या रिव्ह्यूंचं काय?

ऑनलाइन रिव्ह्यू कसे गोळा करायचे, तपासायचे आणि दाखवायचे यासाठी भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक आणलं. ते ऐच्छिक स्वरूपात लागू झालं, त्यामुळे चाळणी आपल्याकडेही हवी. एकाच दिवशी आलेले, एकसारख्या वाक्यांचे, फक्त विशेषणांनी भरलेले रिव्ह्यू दिसले की सावध व्हावं.

मग ग्रुपवर काय विचारायचं?

"कोणता चांगला?" असं विचारलं की मतं मिळतात, अनुभव मिळत नाही. त्याऐवजी हे चार प्रश्न टाका:

१. किती उन्हाळे झाले?
२. महिन्यात किती वेळा रीस्टार्ट करावा लागतो?
३. घरात कुठे ठेवला आहे, आणि लाइन कुणाची आहे?
४. बिघडला तेव्हा वॉरंटीत बदलून मिळाला का? गावातच, की बाहेर पाठवावा लागला?

शेवटचा प्रश्न खरेदीआधी दुकानदारालाही विचारा आणि पक्कं बिल घ्या. वॉरंटी नाकारली गेली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करताना ते बिल लागेल.

नवा राउटर शक्यतो फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्यावा. म्हणजे पहिला उन्हाळा वॉरंटीतच पार पडतो आणि बिघाड झालाच, तर तो बदलून मिळतो. आणि हा उन्हाळा कसा गेला, त्याचा एक रिव्ह्यू जुलैमध्ये जरूर लिहा. पुढच्या वर्षी जठारपेठेत किंवा राजापेठेत कुणीतरी नेमका तोच शोधत असेल.