ट्रान्सफर केसची गळती: जीपपासून थारपर्यंत

पेडण्याचा रस्ता कोलवाळच्या पुलावरून म्हापशात उतरतो, डिचोलीचा अस्नोड्याहून येतो. त्यामुळे खाणीवरची जीप असो की काजूच्या डोंगरावरची, तिचं दुखणं बरेचदा म्हापशाच्या गॅरेजात यायचं. या दुखण्यांत सर्वात चिवट एकच: गाडीच्या पोटाखाली रोज सकाळी दिसणारा तेलाचा डाग. इंजिनाचा असेल तर मालक घाबरतो. ट्रान्सफर केसचा असेल तर म्हणतो, "बघू पावसाळ्यानंतर." गेल्या पन्नास-साठ वर्षांत गाड्या बदलल्या, हे उत्तर तेवढं बदललं नाही.

ट्रान्सफर केस, म्हणजे जुन्या जीपमध्ये गिअरबॉक्सला मागून चिकटलेला ओतीव लोखंडाचा डबा, इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देतो. १९४१ मध्ये अमेरिकन सैन्याच्या विलिज जीपसाठी स्पायसर कंपनीचा १८ नंबरचा डबा वापरात आला. महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलिजच्या जीप जोडायला घेतल्या, तेव्हा तोच घाट भारतात आला आणि पुढे कित्येक दशकं टिकला. गोव्यात त्या वेळी पोर्तुगीज होते. डिचोली-साखळी भागातलं खनिज १९५० च्या दशकातच जपानला जाऊ लागलं होतं. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर देशी जीपला इथली वाट मोकळी झाली. शिरगाव, मये, पिळगाव इथल्या लाल चढांवर दुसरं चाललं तरी काय असतं?

जीपच्या या डब्यात साखळी नाही, सगळे गिअर. गिअरबॉक्सच्या शाफ्टवरचा गिअर मधल्या मोठ्या गिअरला फिरवतो आणि तो खालच्या शाफ्टला. गळण्याच्या जागा ठरलेल्या: पुढच्या-मागच्या योकचे (चाकांकडे जाणारे शाफ्ट जिथे जोडतात तिथले) ऑइल सील, लिव्हरच्या दोन दांड्या, खालच्या झाकणाचं पॅकिंग आणि मधल्या गिअरचा शाफ्ट जिथे बाहेर येतो ते छिद्र. शेवटची जागा सर्वात फसवी. तिथून पाझरलेलं तेल खाली ओघळून भलतीकडून थेंबतं आणि बिचारं पॅकिंग विनाकारण बदललं जातं. म्हणून जाणता मिस्त्री आधी डबा डिझेलने धुतो, सुकवतो, गाडी फिरवून आणतो आणि मगच कुठे काय ओलं आहे ते बघतो.

मागच्या सीलची गळती नुसती घाण नव्हे. जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांना नसे, याच डब्याच्या मागच्या तोंडाला ड्रम लावलेला असे. सील गेलं की तेल लायनरवर, आणि चोर्ला घाटात उभी केलेली गाडी मागे सरकायला लागते. चाकाला दगड लावण्याची जी सवय जुन्या ड्रायव्हरांना होती, तिचं मूळ इथेही असावं.

सील का जातं, हा खरा प्रश्न. ते रबराचं, स्वस्त, म्हणून दोष त्याच्यावर येतो. पण नवं सील घालूनही काही आठवड्यांत गळती परत येते, तेव्हा कारण बहुधा दुसरंच असतं. सीलचा ओठ वर्षानुवर्षं एकाच जागी घासून योकवर खाच पडलेली असते. त्यावर स्लीव्ह चढवायची, नाहीतर सील किंचित कमी आत ठोकायचं, म्हणजे ओठ कोऱ्या जागी बसतो. दुसरं कारण बेअरिंगची ढील. शाफ्टच डुलतोय तर सील काय करणार? आणि तिसरं, आपल्याकडचं खास: ब्रीदर. डबा तापला की आतली हवा फुगते आणि ब्रीदरमधून बाहेर पडते. तो लाल चिखलाने बुजला की दाब सीलवर येतो. हाच डबा गरम असताना ओहोळात उतरला की उलटं होतं, आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते. कुळ्याहून दूधसागरला जाणाऱ्या जीपांना पाण्यातूनच वाट काढावी लागते. अशा गाड्यांचं तेल ताकासारखं पांढरं निघालं, तर नुसतं तेल बदलून भागत नाही.

डबा पूर्ण उघडून बांधणं हे दिवसभराचं काम. मधला शाफ्ट ठोकून काढायचा, आतले सुई-बेअरिंग आणि ब्राँझचे थ्रस्ट वॉशर नवे घालायचे, शाफ्टवर पायरी पडली असेल तर तोही बदलायचा. मग खालच्या शाफ्टची टेपर बेअरिंगं. त्यांची ढील मागच्या कॅपखालच्या पातळ शिमांनी बसवतात, चार ते आठ थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. शिम जास्त काढले तर बेअरिंग आवळून तापतं, जास्त ठेवले तर नवं सीलही गळतं. माझ्या मते मिस्त्रीची परीक्षा इथेच होते. हातात डायल गेज नसेल, तर केवळ अंदाजावर त्याने हे काम घेऊ नये.

१९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली आणि काम सोपं झालं. तिचा ट्रान्सफरचा डबा गिअरबॉक्सपासून सुटा, मध्ये छोटा शाफ्ट. तीन शाफ्ट आणि तीन रबरी माउंट सोडले की डबा टेबलावर.

पुढे कामच आटलं. सप्टेंबर-ऑक्टोबर २०१२ मध्ये आधी राज्य सरकारने आणि मग सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. पुन्हा सुरू झाल्या त्या २०१८ मध्ये परत बंद पडल्या. पेडण्यात मोपाचा विमानतळ उभा राहिला, डांबर वाढलं. ज्यांच्याकडे फोर-व्हील उरली, त्यांतले काही हौसेने ती डांबरावरच लावून चालवू लागले. वळणावर पुढच्या-मागच्या चाकांचा वेग सारखा नसतो. डांबरावर चाक घसरत नाही, मग सगळा पीळ डब्यावर येतो.

२०१० च्या थारमध्ये बोर्गवॉर्नरची ट्रान्सफर आली. अशा नव्या घाटाच्या डब्यांत साखळी असते, कवच अॅल्युमिनियमचं, दोन अर्धुकं सिलिकॉनने जोडलेली. तेलही बरेचदा जुन्या डब्यासारखं ९० नंबरचं नसतं, पुस्तिकेत बघूनच भरावं लागतं. हे डबे चालतात शांत, पण गळायला लागले की गॅरेज म्हणतं, बाहेरून सिलिकॉन फासू, नाहीतर आख्खी केस बदलू. पूर्वी शेलॅक फासत, आता सिलिकॉन. चालढकल तीच. बाहेरून फासलेलं काहीही तेलकट धातूवर टिकत नाही आणि जोड बसवताना जास्त लावलेल्या सिलिकॉनचा आत गळून पडलेला तुकडा तेलाची वाट अडवू शकतो.

तेव्हा यंदा सील बदलायला गाडी नेलीत, तर आधी योक हाताने धरून वर-खाली हलवून बघा. हलला तर मिस्त्रीला सांगा, नुसतं सील नको, डबा उघडा. आणि ब्रीदर साफ केल्याशिवाय पैसे देऊ नका.